मिरजेला न्यायचा माणूस

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान भाऊसो, यांचे चार फोटो माझ्याकडे आहेत. एक लग्नातला. एक त्यांच्या माडग्याळी मेंढ्याला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला तेव्हाचा. एक आधार कार्डावरचा. आणि एक त्यांच्या आईच्या दहाव्याला भावकीतल्या कुणीतरी काढलेला. मिशीचा रंग सोडला तर चारी फोटोंत तोंड एकच आहे. प्रदर्शनाचा फोटो कुठला, हे मेंढा बघून ओळखावं लागतं.

मी जत तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. शब्द हाच माझा धंदा, त्यामुळे असल्या माणसाला नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न मला गेली एकतीस वर्षं छळतोय. लोक सरसकट ‘मख्ख’ म्हणून मोकळे होतात. मला राग येतो. मख्ख म्हणजे ज्याला काही कळलेलंच नाही तो. आमच्या नववी ‘ब’मध्ये शेवटचे दोन बाक अशांनी भरलेत. ढिम्म म्हणजे कळलंय सगळं, पण जागचा हलणार नाही. कोडगा म्हणजे ज्याला चारचौघांत बोला, लाज म्हणून नाही. घुम्या तोंडानं गप्प, पण पोटात भलतंच शिजत असतं. दाजी यांतले कुणीच नव्हेत. एकदा मी अक्कापुढं ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द वापरून पाहिला. तिनं अर्थ विचारला. सुखदुःख ज्याला सारखंच वाटतं असा ज्ञानी पुरुष, असं मी सांगितलं.

“ज्ञानी?” अक्का म्हणाली. “परवा दोन पायांत दोन तऱ्हंच्या चपला घालून बाजाराला गेलतं.”

तेव्हा मी ‘निर्विकार’वर येऊन थांबलो. त्याहून बरा शब्द मला सापडला नव्हता.

त्यांच्या बाभूळवाडीच्या रानात बोअरला साडेचारशे फुटांवर पाणी लागलं, त्या दिवशी मी तिथं होतो. आमचा मुलूख कोरडा. आधीच्या दोन बोअरी नुसती धूळ उडवून गेल्या होत्या. तिसरीला फवारा उडाला तशी पोरं नाचायला लागली. अक्का गुलाल शोधत घरात पळाली आणि गुलाल मिळेना म्हणून हळदीचा डबाच उधळून आली. बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर “पाणी! पाणी!” म्हणून ओरडत दाजींकडे आला. दाजी पटका भिजू नये म्हणून दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, “व्हय का.”

माझ्या भाच्याचा, बिरदेवचा, जन्म झाला तेव्हा सांगायला मीच पळत गेलो होतो. दाजी एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसलेले. “दाजी, मुलगा झाला!” म्हटलं, तर “व्हय का,” म्हणाले, आणि काटा निघाल्यावर उठले. मुलगा त्यांचा होता की माझा, असा बघणाऱ्याला प्रश्न पडावा.

उलट माझी अक्का, हरणाबाई. तिच्या डोळ्यांना बांधच नाही. कोकरू विकलं की रडते. मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं की रडते. अनोळखी माणसाच्या लग्नात, केवळ जेवायला म्हणून गेलेली असते, तरी नवरी निघाली की नवरीच्या आईच्या आधी हिचा हुंदका. असल्या बाईला असला नवरा. एकदा तिनं त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली आणि चुलीपुढं चक्कर आल्याचं सोंग करून पडली. दाजींनी तोंडावर पाणी मारलं. नाडी बघितली. थोडा वेळ शेजारी बसले. मग शेळ्यांच्या धारा काढायची वेळ झाली, तशी उठून धारा काढून आले. परत येऊन बघतात तर ही पडलेलीच. “कटाळली आसशील तर ऊठ,” म्हणाले, “च्या मी ठिवतो.”

दरवर्षी भाऊबीजेला ओवाळून झालं की अक्काचं एकच गाऱ्हाणं असे. “मास्तर, ल्हिवून ठिव. उद्या मी मेले तर ह्यो धोंडा सरणापुढं हुबा ऱ्हाऊन म्हणंल, ‘व्हय का.’ माज्यासाटनं येक थेंब न्हाई गळायचा ह्या डोळ्यांतनं.” आणि ती धोंडा म्हणायची तो धोंडा समोरच बसून करंजी खात असायचा.

तर अशा या तोंडाचा गावाला मोठा उपयोग झाला.

आमच्याकडे साध्या दुखण्याला जत आहे, जरा जास्त झालं तर सांगली आहे. पण डॉक्टर “मिरजेला न्या” म्हणाले की घरातल्या बायका आधी देवापुढं दिवा लावतात. तिथं मोठमोठे दवाखाने, मोठमोठे डॉक्टर. ते पेशंटला बाहेर बाकावर बसवतात आणि नातेवाइकांना आत बोलावून काय ते सांगतात. इथंच घोटाळा होतो. आमचा माणूस डॉक्टर काय म्हणाले ते विचारत नाही. तो बाहेर येणाऱ्याचं तोंड बघतो. जन्मभर आभाळ बघून पाऊस आणि मेंढरू बघून रोग ओळखलेला माणूस, त्याला सख्ख्या मुलाचं तोंड वाचायला किती वेळ लागणार?

नऊ वर्षांपूर्वी अक्काची शेजारीण बनाबाई, तिच्या सासऱ्याला असंच मिरजेला नेलं. त्याची तीन धिप्पाड पोरं आत गेली आणि नाक ओढत बाहेर आली. म्हाताऱ्यानं तिघांची तोंडं ओळीनं बघितली आणि तिथंच अन्न सोडलं. डॉक्टरांनी त्याला वर्ष दिलं होतं, त्यानं नऊ दिवसांत उरकलं. गावानं त्यावरून धडा घेतला. आत जायला असा माणूस पाहिजे की ज्याच्या तोंडावरून पेशंटला काहीसुद्धा कळणार नाही. आणि असा माणूस गावात एकच होता.

तेव्हापासून गाडी कुणाचीही असो, पेशंट कुणाचाही असो, मधल्या सीटवर खिडकीशी दाजी. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि टॉवेल. डॉक्टरांच्या खोलीबाहेर चपला काढून आत जायचे. उभ्यानं सगळं ऐकून घ्यायचे. बाहेर येऊन पेशंटच्या अगदी पुढ्यात बसायचे आणि म्हणायचे, “गोळ्या दिल्यात. खायाच्या.” पेशंट पाच मिनिटं ते तोंड उजवीकडून, डावीकडून तपासायचा. हाती काही लागायचं नाही. मग तो सुस्कारा टाकून म्हणायचा, “चला, च्या घिऊ.” खरं काय ते दाजी गावी आल्यावर त्या घरातल्या कर्त्या माणसाला मेंढरांच्या वाड्यामागं नेऊन सांगायचे. म्हातारी सुलाबाई तर “गोळ्या दिल्यात” ऐकून निर्धास्त झाली आणि दोन महिने नातवंडांत हसून-खेळून मग गेली. एका तरुण डॉक्टरांनी त्यांना एकदा विचारलं म्हणे, “काका, तुम्हाला भाऊबहिणी आहेत तरी किती? हा अकरावा पेशंट तुमच्या घरातला.”

“लय हायती,” दाजी म्हणाले.

आणि मग गेल्या संक्रांतीनंतर अक्काच्या गळ्याशी गाठ आली.

जतच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मिरजेला न्या म्हणाले. मिरजेत गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी. प्रश्न एवढाच राहिला की त्या दिवशी डॉक्टरांकडे आत कोण जाणार. बिरदेव म्हणाला, मला जमायचं न्हाई. त्याची बायको स्वप्नाली बोलायच्या आधीच मुसमुसायला लागली. माझं म्हणाल तर गाठीचं कळल्यापासून मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवत होतो. बनाबाई म्हणाली, एवढा इचार कशाला, गावाचा रिवाज हाय, भाऊसो जातील.

अक्का उसळली. “ह्येनी नगंत! दुसरं कुणीबी पाठवा. ज्याला तोंड हाय आसा माणूस पाठवा!”

“आगं, पर रिवाज—”

“रिवाज मला नगं सांगू. सुलाबाईला काय म्हणालं ह्ये? गोळ्या दिल्यात. ती गोळी गिळाया पाणी मीच दिलतं तिला. मला समदं ठावं हाय, बने. आता ह्ये भायेर येऊन मलाबी म्हणतील, गोळ्या दिल्यात. म्हंजी मी जगणार का मरणार, ह्ये मला मेल्यावरच कळायचं!”

सगळे दाजींकडे बघायला लागले. ते अंगणात दोरीला पीळ घालत बसले होते. पीळ पुरा झाल्यावर म्हणाले, “मीच जातू.” त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

ते आठ दिवस मी अक्काकडेच मुक्काम केला. तिथून सायकलीवर शाळेत जायचो. दाजींच्यात काही फरक दिसला का, तर नाही. उठायचे, मेंढरं सोडायचे, परत यायचे, जेवायचे. फक्त गुरुवारी एक प्रकार झाला. त्यांची सगळी मेंढरं शेजारच्या रानातल्या शाळूत घुसली. हुरड्यात आलेली ज्वारी फस्त करत होती आणि दाजी बांधावर काठीला टेकून त्यांच्याकडे बघत उभे. मालक धावत आला, तोंडाला येईल ते बोलला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “मास्तर, तुमचं दाजी कोडगं झाल्यात.” तीस वर्षांत त्यांचं एक मेंढरू कधी कुणाच्या बांधाला लागलं नव्हतं. पण मी, शब्दांचा मास्तर, काय म्हणालो? वय झालं, म्हणालो. माझ्या अकलेची मला आजही लाज वाटते.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही सहा जण निघालो. अक्का, दाजी, बिरदेव, स्वप्नाली, मी, आणि सोबत म्हणून बनाबाई. सोबत कसली, रस्ताभर ती आपल्या सासऱ्याचीच गोष्ट सांगत होती. दवाखान्यात नंबर यायला दुपारचे साडेबारा झाले. बाकावर अक्का मध्ये, आम्ही दोन्ही अंगांना. पुकारा झाला. दाजी उठले, दाराबाहेर चपला काढल्या, पटका नीट केला आणि आत गेले.

“मल्हार,” अक्का मला म्हणाली. ती मला नावानं हाक मारते तेव्हा मला घाम फुटतो. “भायेर आलं की नीट बघ. एकतीस वर्सं नांदलीया मी, मला कळंलच. पर तूबी बघ. पापणी हालली तरी सांग.”

दहा मिनिटं झाली. दार उघडलं.

पापणीचं घेऊन काय बसलात! दाजींच्या तोंडाचा एक कोपरा लटलट हलत होता. मग दुसरा हलला. मग हनुवटी. मग ते सगळं तोंड, चार फोटोंतलं, आधार कार्डावरचं, एकदम फुटलं. दाजी दारातच खाली बसले, पटका काढून तोंडात धरला आणि हमसून हमसून रडायला लागले. आवाज तर असा की मी तसा कधी ऐकलेला नाही. ज्यांनी जन्मात रडण्याचा सराव केला नाही त्यांचं असंच होत असावं.

बनाबाईनं कपाळावर हात मारून पहिला हंबरडा फोडला. “भाऊसो रडतुया! आता काय ऱ्हायलं गं बाई!” बिरदेव भिंतीला डोकं टेकून रडू लागला. स्वप्नाली त्याच्या पाठीवर. मी तर मला आवरायचं सोडूनच दिलं. आजूबाजूचे पेशंट आपापले नातेवाईक घेऊन दूर सरकले.

रडत नव्हती ती फक्त अक्का. एवढा बांध नसलेला डोळा, आणि टिपूस नाही. ती सरळ बसली, पदर नीट केला आणि शांत आवाजात बोलायला लागली. नांगरणीला माणसं सांगावीत तसं.

“स्वप्नाली, माजी बोरमाळ तुजी. मोडायची न्हाई. बिरदेवा, काळी शेळी इकायची न्हाई, तिच्यावर घर उभं ऱ्हायलंय. मास्तर, भाऊबीजंला येत जा, माज्या हातची करंजी नसंल, पर येत जा. आन् बनाबाई, मरताना लबाडी नगं. तुजी तांबडी कोंबडी चार वर्सांमागं कोल्ह्यानं न्हाई न्हेली. आमी खाल्ली. पावणं आलतं आन् घरात काय नव्हतं.”

बनाबाईचा हंबरडा मध्येच तुटला.

इकडे दाजी हातानं काहीतरी खुणा करत होते. बोलायला बघत होते, पण उचकी लागलेली. “न्हा... न्हा...” यापुढे गाडी जाईना. मी पाण्याची बाटली दिली तर निम्मं पाणी सदऱ्यावर. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. हातात फाइल.

“अहो काका, फाइल आतच राहिली,” ते म्हणाले, आणि आमचा तो सगळा देखावा बघून थबकले. “काय झालं? कोण गेलं?”

“आये,” बिरदेव म्हणाला.

“कुणाची?”

बिरदेवनं अक्काकडे बोट केलं. अक्का डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टरांनी फाइल उघडली, नाव वाचलं, पुन्हा अक्काकडे बघितलं. “हरणाबाई तुम्हीच ना? अहो, साधी गाठ आहे. त्यात काही वाईट निघालं नाही. तीन महिने गोळ्या खायच्या, जिरून जाईल. मी काकांना दोनदा सांगितलंय.”

पहिला आवाज बनाबाईचा आला.

“माजी कोंबडी!”

पुढं पंधरा मिनिटं दवाखान्यात कोंबडीवरून जे झालं ते मी लिहीत नाही. चार वर्षं बनाबाई त्या कोल्ह्याला शिव्या देत होती आणि अक्का त्यात सूर मिळवत होती, एवढं सांगितलं तरी पुरे. एका कोंबडीला दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, यावर तडजोड झाली. मग बिरदेवला बापाचा राग आला. “आबा, आवं चांगलंच हुतं तर रडलासा कशापायी? आमचं काळीज हातात आलं!”

दाजींची उचकी आता थांबली होती. ते चपला घालत होते. खाली बघूनच म्हणाले, “वंगाळ ऐकायचं म्हणून आत गेलतो. आठ दिस तोंड घट्ट करून ठिवलतं. ते म्हणालं, काय न्हाई. आता काय न्हाई म्हटल्यावर धरून ठिवलेलं कुटं ठिवायचं?”

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याला कुठला शब्द लावावा हे मला अजून सुचलेलं नाही.

या प्रकारानंतर दाजींचं मिरजेचं काम सुटलं. फाल्गुनात गावातल्या एका म्हाताऱ्याला न्यायची वेळ आली तेव्हा लोक म्हणाले, भाऊसोच्या तोंडाचा आता भरवसा न्हाई. मग कुणीतरी म्हणालं, त्या दिवशी दवाखान्यात रडलं न्हाई आसं कोण हुतं? आणि मधल्या सीटवर खिडकीशी अक्का जाऊन बसली. कवठेमहांकाळ यायच्या आधीच तिनं गाडीत असा गळा काढला की म्हातारा, “मला चांगलं वाटतंय, गाडी फिरवा,” म्हणायला लागला. हल्ली गावात आत जायला माणूस नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी परत येताना अक्का गाडीत दाजींच्या शेजारी बसली होती. बनाबाई फुगून पुढच्या सीटवर. दाजींचं तोंड पूर्ववत, पाचवा फोटो काढावा असं. अक्का माझ्याकडे न बघता, त्यांच्याकडेही न बघता, खिडकीतून शाळूच्या रानाकडे बघत बोलली.

“मला भ्या वाटत नव्हतं आसं न्हाई, मास्तर. पर ह्येंचं त्वांड बघितलं आन् मनात आलं, बास. आता मेले तरी चालतंय.”

आणि मग ती रडायला लागली, नेहमीसारखी, पदर भिजवून.

“व्हय का,” दाजी म्हणाले.

त्यांनी पिशवीतला टॉवेल काढला आणि तोंडावर घेतला. ऊन लागतंय, म्हणाले. ऊन गाडीच्या दुसऱ्या अंगाला होतं. पण बाभूळवाडी येईपर्यंत तो टॉवेल काही त्यांनी काढला नाही.